लढाई संपली, आता माझी नोकरी मला परत मिळेल का?

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला, तेव्हा केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना टेरिटोरियल आर्मी, म्हणजे प्रादेशिक सेना, कामावर बोलावण्याचे अधिकार दिले. या सेनेचं नाव अनेकांनी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं असेल. यातला माणूस एरवी बँकेत, कारखान्यात नाहीतर सरकारी कचेरीत काम करतो आणि बोलावणं आलं की वर्दी चढवतो. मग साहजिकच दोन प्रश्न पडतात. त्याला सीमेवर न धाडता देशातच कुठे पहाऱ्यावर ठेवलं, तर ती युद्धातली सेवा धरायची का? आणि तो परतेपर्यंत त्याची नोकरी राहील का?

अमेरिकेला हे प्रश्न दोन्ही महायुद्धांत लाखो माणसांच्या बाबतीत सोडवावे लागले. पहिल्या वेळी त्यांनी बराच घोळ घातला, दुसऱ्या वेळी त्यातून शिकून कायदा केला. तो कायदा बदलत बदलत आजही लागू आहे आणि अमेरिकेतल्या अनेक मराठी घरांशी, कचेऱ्यांशी त्याचा संबंध येतो. म्हणून तो मुळापासून समजून घेऊ.

सैन्यात होता, पण देशाबाहेर गेलाच नाही?

महायुद्ध म्हटलं की आपल्याला नॉर्मंडीचा किनारा दिसतो. पण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यदलांत जे सुमारे १ कोटी ६० लाख लोक होते, त्यांतले चौथा हिस्सा तरी कधी परदेशी गेलेच नाहीत. म्हणजे ४० लाखांहून अधिक माणसं. पहिल्या महायुद्धात हे प्रमाण आणखी मोठं होतं. सुमारे ४७ लाखांनी वर्दी घातली, त्यांतले २० लाखांच्या आसपास फ्रान्सला पोहोचले. बाकीचे छावण्यांतच होते, आणि ११ नोव्हेंबर १९१८ ला युद्ध थांबलं.

मग हे लोक करत काय होते? जॉर्जियातल्या फोर्ट बेनिंगला कोणी नव्या भरतीला बंदूक धरायला शिकवत होता. मिसिसिपीतल्या कीस्लर फील्डला कोणी विमान दुरुस्तीचे वर्ग चालवत होता. न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरांत कोणी दारूगोळ्याच्या पेट्यांचा हिशेब ठेवत होता. युद्धकैदी पकडून अमेरिकेत आणले गेले होते, चार लाखांहून जास्त, त्यांत बहुतेक जर्मन. त्यांच्यावर पहारा ठेवायला माणसं लागत. शिवाय लष्करी इस्पितळं, पगाराच्या कचेऱ्या, टपाल. समोर लढणाऱ्या एका सैनिकाच्या मागे एवढा पसारा उभा असतो, आणि तो पसारा सांभाळणाराही सैनिकच असतो.

कुणी कुठे जायचं हे सैन्य ठरवत असे. नजर कमजोर, वय जास्त, पायात दोष, किंवा टंकलेखन चांगलं येतं, यांपैकी काहीही कारण पुरे. किती तरी जणांनी आघाडीवर पाठवा म्हणून अर्ज केले आणि ते फेटाळले गेले. त्यामुळे ‘हा मागे राहिला’ असं म्हणताना तो निर्णय त्याचा नव्हता हे आधी लक्षात घ्यायला हवं.

आणि देशात राहणं म्हणजे सुरक्षित राहणं, हेही खरं नाही. अमेरिकेच्या भूमीवरच विमान अपघातांत लष्करी हवाई दलाची सुमारे १५ हजार माणसं गेली, त्यांतली बरीच प्रशिक्षण घेताना. १७ जुलै १९४४ च्या रात्री कॅलिफोर्नियातल्या पोर्ट शिकागो इथे जहाजावर बॉम्ब चढवताना स्फोट झाला आणि एका क्षणात ३२० जण ठार झाले. त्यांतले २०२ कृष्णवर्णीय होते, कारण माल चढवायचं काम नौदलाने त्यांच्याच माथी मारलं होतं. त्यांना दारूगोळा हाताळायचं धड शिक्षणही दिलेलं नव्हतं. वाचलेल्यांपैकी पुष्कळांनी पुन्हा तेच काम करायला नकार दिला, तेव्हा ५० जणांना बंडखोर ठरवून शिक्षा झाली. नौदलाने त्यांना निर्दोष ठरवलं ते थेट जुलै २०२४ मध्ये, ८० वर्षांनी.

पहिल्या वेळी काय चुकलं?

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा सैनिकाच्या हातावर ६० डॉलर आणि घरी जाण्याचं भाडं ठेवलं गेलं. नोकरी परत मिळण्याची हमी देणारा कायदाच नव्हता. जुन्या मालकाने ठेवून घेतलं तर नशीब. एकीकडे युद्धाची कंत्राटं रद्द होत होती आणि दुसरीकडे लाखो तरुण एकदम छावण्यांतून बाहेर पडत होते.

नुकसान झालं हे सरकारने मान्य केलं, पण १९२४ मध्ये. भरपाईचा हिशेब असा ठरला: देशात केलेल्या सेवेला दिवसाला १ डॉलर, परदेशातल्या सेवेला सव्वा डॉलर. कमाल मर्यादा अनुक्रमे ५०० आणि ६२५ डॉलर. म्हणजे घरी राहिलेल्याचा दिवस चार आणे स्वस्त धरला, पण फुकट धरला नाही. ही रक्कम बहुतेकांना १९४५ मध्ये मिळणार होती, हीच खरी मेख. मधे महामंदी आली. १९३२ च्या उन्हाळ्यात हजारो बेकार माजी सैनिक बायकामुलांसह राजधानी वॉशिंग्टनला येऊन झोपड्या टाकून बसले. आमचे पैसे आत्ता द्या, एवढीच त्यांची मागणी होती. २८ जुलैला सैन्याने अश्रुधूर सोडून त्यांना हुसकावलं आणि झोपड्या जाळल्या गेल्या. पैसे मिळाले १९३६ मध्ये.

हे दृश्य ज्यांनी पाहिलं होतं, त्यांच्याच पिढीने १९४० चा कायदा लिहिला.

१९४० चं वचन नक्की कुणाला दिलं होतं?

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि सहसा तोच सांगायचा राहून जातो. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला. १६ सप्टेंबर १९४० ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सक्तीच्या लष्करी भरतीच्या कायद्यावर सही केली. अमेरिका तेव्हा युद्धात नव्हती. शांतताकाळातली त्या देशातली ती पहिलीच सक्तीची भरती. २१ ते ३५ वयाच्या पुरुषांनी नाव नोंदवायचं, चिठ्ठी निघाली की १२ महिने जायचं. पगार पहिले चार महिने २१ डॉलर, मग ३०. आणि या मुलांना अमेरिका खंड व अमेरिकेच्या ताब्यातले प्रदेश सोडून कुठेही पाठवायचं नाही, अशी अटही त्याच कायद्यात होती.

याच कायद्याच्या आठव्या कलमात नोकरीची हमी होती. म्हणजे ही हमी लिहिली गेली तेव्हा युरोपच्या रणांगणावर कुणी जाणारच नव्हतं. जो सैनिक डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली, तो घरचाच, छावणीतला सैनिक होता. एका वर्षासाठी कामावरून उचलून नेलेला माणूस. पुढे परदेशी लढून आलेल्यांना तीच हमी मिळाली हे योग्यच झालं, पण ‘घरी बसलेल्यांनाही हा हक्क देऊन टाकला’ असं कोणी म्हणत असेल तर तो इतिहास उलटा सांगतो आहे.

ते एक वर्षही एक वर्ष राहिलं नाही. ऑगस्ट १९४१ मध्ये मुदत दीड वर्षाने वाढवायचा ठराव प्रतिनिधीगृहात आला आणि २०३ विरुद्ध २०२, एका मताने मंजूर झाला. छावण्यांत भिंतींवर खडूने मजकूर उमटू लागला की ऑक्टोबरात आम्ही पळून जाणार. नोकरी वर्षभर राखून ठेवायला मालक तयार होता, अडीच वर्षं ठेवेल का, ही त्या मुलांची धास्ती होती. डिसेंबरात पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि मुदतीचा प्रश्नच उरला नाही. युद्ध संपेपर्यंत आणि वर सहा महिने, असं ठरलं.

हमी म्हणजे काय काय?

सैनिकाने सेवा नीट पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र आणायचं. जुनं काम करण्याची त्याची क्षमता शाबूत हवी. सुटका झाल्यापासून ४० दिवसांत अर्ज करायचा. १९४४ च्या शेवटी ही मुदत ९० दिवस केली. एवढं झालं की खासगी मालकाने त्याला जुनी जागा द्यायची, किंवा त्याच तोडीची ज्येष्ठता, दर्जा आणि पगार असलेली दुसरी. मधला काळ रजा धरायची. परत घेतल्यावर एक वर्षभर सबळ कारणाशिवाय काढायचं नाही. मालक ऐकेनासा झाला तर सरकारी वकील सैनिकाच्या बाजूने फुकट उभा राहील.

पळवाटा दोन. जुनी नोकरी हंगामी असेल तर हमी नाही. आणि मालकाची परिस्थितीच एवढी बदलली असेल की परत घेणं अशक्य किंवा अवाजवी ठरेल, तरी नाही. कायद्यात सैनिक कुठे होता याचा उल्लेख नाही. किती दिवस कामापासून तोडला गेला, एवढंच मोजायचं.

‘एकाने रक्त सांडलं, एकाने पावत्या फाडल्या. दोघांना सारखंच?’

आक्षेप रास्त आहे. पण अमेरिकेने हा फरक केलाच होता, फक्त तो दुसऱ्या ठिकाणी केला: घरी आधी कोण जाणार, यात. मे १९४५ मध्ये युरोपातलं युद्ध संपल्यावर गुणांची पद्धत आली. सेवेच्या प्रत्येक महिन्याला एक गुण, परदेशातल्या प्रत्येक महिन्याला आणखी एक. मोहिमेच्या प्रत्येक ताऱ्याला किंवा पदकाला पाच. अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलामागे बारा, पण तीन मुलांपर्यंतच. ८५ गुण झाले की सुट्टी.

आता हिशेब करून पाहा. दोघे जानेवारी १९४२ मध्ये भरती झाले, मे १९४५ पर्यंत दोघांचे ४० महिने झाले. पहिला २५ महिने परदेशी होता, तीन मोहिमांत लढला, एकदा जखमी झाला: ४० अधिक २५ अधिक १५ अधिक ५, बरोबर ८५. तो निघाला. दुसरा मिसिसिपीत इंजिनं दुरुस्त करत होता, त्याला एक मूल आहे: ४० अधिक १२, म्हणजे ५२. तो तिथेच. उलट त्याला आता जपानवरच्या चढाईसाठी पाठवतील अशी भीती.

ऑगस्टात जपान शरण आला, गुणांची अट टप्प्याटप्प्याने उतरली आणि मग त्याची पाळी आली. तोवर युद्धसामग्रीचे कारखाने बंद पडू लागले होते आणि आधी सुटलेले लाखो जण कामं धरून बसले होते. देशातच राहिलेला सैनिक नोकरीच्या रांगेत शेवटी आला तो असा. राखून ठेवलेल्या जागेची गरज त्यालाही तेवढीच होती. शौर्याला पदक आहे, गुण आहेत, आधी घरी जाणं आहे. नोकरीच्या हमीचा विषय वेगळा आहे: माणूस कामावर नव्हता कारण देशाने त्याला नेलं होतं, त्याची झळ त्याच्या रोजीरोटीला लागू नये. या दोन गोष्टींची गल्लत झाली की घोळ सुरू होतो.

त्याच्या जागेवर आलेल्या माणसाचं काय?

मधल्या तीन वर्षांत ती जागा रिकामी नव्हती. कुणी म्हातारा, कुणी बाई, कुणी सैन्याने नाकारलेला तरुण ते काम करत होता आणि चांगलं करत होता. सैनिक परतला की त्याला बाजूला व्हावं लागे. बायकांना याची झळ फार लागली. जहाजबांधणीत, विमान कारखान्यांत ज्या बायका वेल्डिंग आणि रिव्हेट मारायला शिकल्या, त्यांच्यातल्या कित्येकींना कमी पगाराच्या कामांकडे परत जावं लागलं. कायद्याने त्यांच्यासाठी काहीच केलं नाही. ही त्याची उणी बाजू आहे आणि ती मान्य करायला हवी.

पण सैनिकाने ज्याला कुणाला हटवायचं, त्याला मर्यादा आहे की नाही? भरतीचा कारभार पाहणाऱ्या सरकारी खात्याचं म्हणणं होतं की माजी सैनिकाला कुठल्याही बिगर-सैनिकाच्या आधी काम मिळालं पाहिजे, मग तो दुसरा वीस वर्षं जुना का असेना. कामगार संघटनांचा याला कडवा विरोध होता, कारण ज्येष्ठतेची यादी ही त्यांनी भांडून मिळवलेली गोष्ट.

एका वेल्डरचे नऊ दिवस

हे भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं ते ब्रुकलिनच्या सलिव्हन गोदीतल्या एका वेल्डरमुळे. फिशगोल्ड त्याचं नाव. मे १९४३ मध्ये सैन्यात गेला, जुलै १९४४ मध्ये सुटला, गोदीने त्याला परत घेतलं. १९४५ च्या वसंतात काम कमी पडलं. नऊ दिवस असे गेले की त्याला घरी बसवलं आणि त्याच्याहून जुन्या, पण सैन्यात न गेलेल्या वेल्डरांना काम दिलं. त्याने दावा लावला. खालच्या न्यायालयात तो जिंकला. मालकाने अपील केलं नाही, अपील केलं ते कामगार संघटनेने.

२७ मे १९४६ ला निकाल आला. न्यायमूर्ती डग्लस यांनी ज्येष्ठतेला सरकत्या जिन्याची उपमा दिली. दादर स्टेशनवरचा जिना डोळ्यांपुढे आणा. सैनिक मधल्या पायरीवरून उतरला आणि दोन वर्षांनी परत आला. तो उतरला त्या पायरीवर परत चढत नाही. उतरलाच नसता तर आज ज्या पायरीवर असता, नेमक्या त्या पायरीवर त्याला चढवायचं. मधल्या पगारवाढी, मधली ज्येष्ठता, सगळं धरून. पण त्याच्या वर जे उभे होते, त्यांना ढकलून वर जायचा हक्क त्याला नाही. फिशगोल्ड हरला.

तो हरला, तरी तत्त्व लाखोंच्या कामी आलं. मला हा निकाल दोन्ही बाजूंना न्याय देणारा वाटतो.

ज्याला परत जायला नोकरीच नव्हती

नोव्हेंबर १९४२ मध्ये भरतीचं वय १८ वर आलं. शाळेतून थेट छावणीत गेलेल्या पोराची कुठली जागा राखणार? वाट्याने शेती करणारा, स्वतःची टपरी चालवणारा, हंगामी मजूर, यांनाही आठव्या कलमाचा उपयोग शून्य. त्यांच्यासाठी २२ जून १९४४ चा कायदा आला. कॉलेजचं शिक्षण, घरासाठी कर्जाची हमी, आणि काम मिळेपर्यंत आठवड्याला २० डॉलर, जास्तीत जास्त ५२ आठवडे. यालाही परदेशी सेवेची अट नव्हती, ९० दिवसांची सेवा पुरे. लोक या भत्त्यावर वर्षभर लोळत पडतील असं बोललं गेलं होतं. प्रत्यक्षात त्यासाठी ठेवलेल्या पैशाचा पाचवा हिस्साही वापरला गेला नाही. माणसांना काम हवं होतं.

कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्याला मात्र कागदावरचे हे हक्क फार तोकडे आले. ५५५ वी छत्रीधारी तुकडी त्यांचीच. १९४५ च्या उन्हाळ्यात तिला ओरेगनच्या जंगलांत वणवे विझवायला पाठवलं, कारण जपान फुग्यांना बॉम्ब बांधून सोडत होता आणि त्यांनी आगी लागतील अशी भीती होती. जळत्या जंगलात उड्या मारणाऱ्या या मुलांची सेवाही देशांतर्गतच मोजली गेली. पण दक्षिणेत परतल्यावर बँक त्यांना कर्ज देईना आणि विद्यापीठ प्रवेश देईना.

आज याचा आपल्या लोकांशी काय संबंध?

अमेरिकेत आता सक्तीची भरती नाही. पण नॅशनल गार्ड, म्हणजे राज्यांच्या अखत्यारीतलं राखीव सैन्य, आणि इतर राखीव दलांत नोकरी सांभाळून वर्दी घालणारे लाखो आहेत. महिन्यातला एक शनिवार-रविवार आणि वर्षाकाठी दोनेक आठवडे सराव, आणि बोलावणं आलं की महिनोन् महिने. ११ सप्टेंबर २००१ नंतर यांतल्या कित्येकांना विमानतळांवर आणि तळांवर पहाऱ्याला उभं केलं. तीही युद्धकाळातली देशांतर्गत सेवाच.

१९९४ पासून त्यांच्यासाठी नवा कायदा आहे. दोन माणसांच्या दुकानापासून बड्या कंपनीपर्यंत सगळे मालक त्यात येतात. सरकता जिना त्यात जसाच्या तसा आहे. एका मालकाकडे असताना केलेली सेवा साधारण पाच वर्षांपर्यंत धरली जाते. सेवा १८० दिवसांहून जास्त असेल तर परत अर्ज करायला ९० दिवस, ३१ ते १८० असेल तर १४ दिवस. त्याहून कमी असेल तर घरी पोहोचून आठ तास विश्रांती झाली की पुढच्या पाळीला हजर. २०२१ पासून राज्याच्या हुकमावरून १४ दिवस किंवा अधिक केलेल्या कामालाही हे संरक्षण आहे. त्याआधी पुरात, वादळात राज्यपालाने बोलावलेला जवान या कायद्याच्या बाहेर राहत असे.

तिकडे आपल्यातले पुष्कळ जण आता कंपन्यांत माणसं नेमण्याच्या जागेवर बसले आहेत. हाताखालचा कोणी तीन महिने टेक्सासच्या तळावर जातो म्हणाला, तर ‘युद्धावर तर चालला नाहीस’ हे उत्तर कायद्याला चालत नाही. त्याची बढती त्या काळात अडवून ठेवणंही चालत नाही. आणि आपल्याच घरातली मुलं गार्डमध्ये जाऊ लागली आहेत. त्यांनी जाण्याआधी मालकाला लेखी कळवावं आणि सुटकेचे कागद जपून ठेवावेत.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे प्रादेशिक सेनेचा कायदा १९४८ चा. कोल्हापूरला १०९ वी बटालियन मराठा लाइट इन्फन्ट्रीशी जोडलेली आहे, त्यामुळे पश्चिम महाराष्ट्राला ही सेना नवी नाही. कायद्याच्या ७-अ कलमात मालकावर दोन कर्तव्यं टाकली आहेत: सेवेसाठी रजा द्यायची, आणि सेवा संपल्यावर परत घ्यायचं, तेही नोकरीत खंड पडला नसता तर ज्या अटी मिळाल्या असत्या, त्याहून कमी नसलेल्या अटींवर. ब्रुकलिनच्या निकालातला विचार आपल्या कायद्यात असा स्वच्छ शब्दांत आहे.

दुबळी बाजू पुढे आहे. मालकाने परत घेणं जमत नाही म्हटलं तर प्रकरण ठरवून दिलेल्या अधिकाऱ्यापुढे जातं. तो मालकाला सूट देऊ शकतो, परत घ्यायला लावू शकतो, किंवा भरपाई द्यायला लावू शकतो. भरपाईची कमाल मर्यादा सहा महिन्यांचा पगार. मे २०२५ च्या आदेशात ३२ पैकी १४ पायदळ बटालियनांना बोलावण्याची तरतूद होती आणि मुदत फेब्रुवारी २०२८ पर्यंतची होती. तीन वर्षांसाठी ज्याला बोलावता येतं, त्याची पंधरा वर्षांची नोकरी सहा पगार देऊन मोकळी करता येणं हे मला पटत नाही. ही मर्यादा वाढवायला संसदेत एक छोटी दुरुस्ती पुरे आहे.